‘आधीची बरी होतीस’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय. पत्र बरंच मोठं होतं, मी ते कापून छोटं केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, तिला विचारूनच. विषय लहानपणच्या लैंगिक अत्याचाराचा आहे, घटनेचं वर्णन कुठेही नाही पण तरी ज्यांना आज हे वाचवणार नाही त्यांनी सरळ सोडून द्या.

“ताई, तुमचं सदर मी ऐरोलीला जाता-येता ट्रेनमध्ये वाचते. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, वर्तकनगरला राहते. मी नऊ ते बारा वर्षांची असताना माहेरच्या नात्यातल्या एका मोठ्या माणसाने जे केलं ते इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. दीड वर्षापूर्वी झोपच लागेना म्हणून काउन्सेलरकडे गेले आणि तिथे पहिल्यांदा तोंड उघडलं. मग नवऱ्याला सांगितलं. तो चांगला आहे, ऐकून घेतलं त्याने.

आता झोप लागते, स्वप्नं कमी झालीत. पण मी मीच राहिले नाही असं वाटतं. आधी मी सगळ्यांची गुणाची पोर होते, कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाला हॉस्पिटलात डबा न्यायचा असो, ऑफिसात कुणाची शिफ्ट घ्यायची असो, हाक मारली की मी हजर. आता मला राग येतो, कशाचाही. गौरींना तो माणूस येणार होता म्हणून मी येत नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही, तर मामी म्हणाली हिला लग्नानंतर शिंगं फुटलीत, आणि आई माझा फोन उचलेना.

परवा नवरा तलावपाळीला आइस्क्रीम खायला घेऊन गेला, म्हणाला तुझं नेहमीचं ना, बटरस्कॉच? आणि मला एकदम लक्षात आलं की मला बटरस्कॉच आवडतच नाही, लग्न ठरलं तेव्हा त्याला आवडतं म्हणून मी हो म्हटलं होतं. मग मला काय आवडतं? सुचेचना. बोर्डासमोर उभी राहून रडले, मागे लाइन.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. ती बॉर्नव्हिटाची बरणी घेऊन आली, मावशी झाकण उघडून दे ना. मी उघडून दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. हिला झाकण उघडत नाही, आणि मी आजवर स्वतःला विचारत आलेय की तू त्याला ढकललं का नाहीस.

मी बरी होतेय की बिघडतेय? काउन्सेलर म्हणाली माझा समजूतदारपणा त्या काळातूनच आलाय. मग माझ्यात माझं असं काय आहे? आणि नवरा सहज बोलून गेला, आधीची तू बरी होतीस गं. त्याला काय सांगू? — ट्रान्स-हार्बरवाली”

अगं, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. बिघडत नाहीयेस तू. पण हे ऐकून तुला लगेच हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा नाही, कारण बरं होताना माणसाला बरं वाटतंच असं नाही, उलट कितीतरी जणींना आधी जे बधिर होतं तिथे आता दुखायला लागतं आणि मग वाटतं की अरे आधीच ठीक होतं की, उगाच कशाला उकरलं.

ते बरणीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. इतकी वर्षं तू त्या पोरीची उलटतपासणी घेतेयस, ओरडली का नाहीस, आईला सांगितलं का नाहीस, पुन्हा त्याच्यासमोर गेलीसच कशाला, आणि प्रश्न विचारणारी एकतीस वर्षांची, नोकरी करणारी, एकटी ट्रेनने फिरणारी बाई आहे, आणि तुझ्या डोक्यात ती पोरगी पण तुझ्याच उंचीची होती. भाचीने बरणी पुढे केली तेव्हा तुला पहिल्यांदा तिची खरी उंची दिसली. काउन्सेलरने तुला ‘तुझा दोष नव्हता’ हे कितीदा सांगितलं असेल, तू मान डोलावली असशील, पण डोक्याला कळणं वेगळं आणि बाथरूममध्ये जाऊन बसावं लागणं वेगळं.

आता मुलं दोष स्वतःकडे का घेतात ते बघ, कारण तुझा तो गुणीपणा इथूनच सुरू होतो. नऊ वर्षांच्या मुलीला घर सोडून जाता येत नाही. जेवण, शाळा, अंथरूण, माया सगळं त्याच मोठ्या माणसांकडून मिळणार. आपल्या घरात, आपल्या नात्यात असला माणूस आहे आणि कुणाचं लक्ष नाही, हे मान्य करायचं तर पायाखालची जमीनच गेली. त्यापेक्षा ‘माझ्यातच काहीतरी वाईट आहे’ हे मानणं सोपं पडतं, कारण मग निदान हातात काहीतरी राहतं, मी अजून शहाण्यासारखी वागले, कुणाला त्रास नाही दिला, सगळ्यांचं ऐकलं, तर हे थांबेल. म्हणजे तो विचार चुकीचा असला तरी त्या पोरीने त्याच्या जोरावर दिवस काढले, तिच्यावर चिडू नकोस. आणि ओरडली का नाहीस याचं उत्तर तर शरीराचं आहे, भीती एका मर्यादेपलीकडे गेली की माणूस लढत पण नाही, पळत पण नाही, गोठतो, हात हलत नाही, आवाज फुटत नाही. मोठ्या धडधाकट माणसांचंही असं होतं. ते कुणी ठरवून करत नाही.

आणि हे फक्त तुझंच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांवरचा जो अहवाल काढला त्यात १३ राज्यांमधल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते, त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातलेच होते. (अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी मुद्दाम सांगते, कारण ते तर कुणाकडेच बोलत नाहीत.) शाळेत तू एकटीच ‘तशी’ आहेस असं तुला वाटत असेल ना, तुझ्या बाकावरची पण कदाचित तेच समजून बसली असेल.

स्वतःकडे बघण्याची नजर अशी बदलते याची नोंद डॉक्टर लोकांनी पण घेतलीय. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली, आयसीडी-११, त्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा त्रास) म्हणून वेगळं निदान आलं आणि त्याच्या लक्षणांमध्ये स्वतःला कमी, हरलेलं, कवडीमोल समजत राहणं आणि त्याच्यासोबतची खोल लाज, हे स्पष्ट लिहिलंय. तुला ते आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवायला तज्ज्ञ आहेत. मी एवढंच म्हणतेय की ‘मी घाण आहे’ हे जे तुला तुझ्या स्वभावाबद्दलचं सत्य वाटत असेल ते जखमेचं लक्षण असू शकतं, ताप जसा लक्षण असतो तसंच.

बरं आता तो दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. समजूतदारपणा त्याच्यामुळे आला तर माझं काय?

हे बघ, यातून बाहेर येताना बऱ्याच जणींना एक काळ असा लागतो जिथे सगळ्या गोष्टींचा धागा तिथेच जाऊन पोचतो. मला गर्दी नको वाटते, त्याच्यामुळे. मी हळू बोलते, त्याच्यामुळे. मला कपड्यांचा फिका रंग लागतो, त्याच्यामुळे. आधी कशाचाच संबंध लागत नव्हता आणि आता एकदम सगळ्याचाच लागतोय, डोक्यात दिवा पेटल्यासारखं होतं आणि मग त्या दिव्यात सगळं घरच पिवळं दिसायला लागतं. हा काळ लागतो, त्याला इलाज नाही, पण तिथे मुक्काम करू नकोस. कारण मग तुझं सगळं चांगलं पण त्या माणसाच्या नावावर जमा होतं, आणि ते श्रेय त्याला द्यायची मला तरी अजिबात इच्छा नाही.

भीतीने तुला सगळ्यांच्या मदतीला पळायला लावलं, बरोबर. पण तू हॉस्पिटलात डबा घेऊन जायचीस तेव्हा पेशंटला तिखट चालणार नाही, सोबत बसलेल्या माणसाला पण भूक लागली असेल, हे तुझ्या लक्षात यायचं की नाही? (मूळ पत्रात तू लिहिलंस की तू दोन डबे न्यायचीस.) ते त्याने नाही शिकवलं. भीतीने माणूस डबा नेतो, दुसरा डबा माणूस मायेने नेतो. तेव्हा सगळंच फेकून देऊ नकोस, नीट निवडून घे. आणि निवडायचं कसं, तर काम करून झाल्यावर आत काय होतं ते बघ. ‘चला, आज कुणी नाराज नाही झालं’ असा सुस्कारा निघतो की मजा आली असं वाटतं? आणि नाही म्हणायची सोय होती का? ज्या ठिकाणी तुला नाही म्हणताच येत नव्हतं तिथलं तुझं हो खरं की खोटं हे कळायला काही मार्गच नव्हता. आता तू नाही म्हणायला लागलीस, म्हणून आता कळेल. कदाचित वर्षभराने तू आपणहून कुणाच्या डोहाळजेवणाला सकाळपासून राबशील आणि घरी येऊन पाय चेपत बसशील आणि खूश असशील. कदाचित नाही. दोन्ही चालेल.

राग. त्याला उशीर झालाय वीस वर्षं, त्यामुळे तो नीट पत्ता बघून येत नाही, कुणाच्याही दारात जाऊन आपटतो. टीम लीडवर, रिक्षावाल्यावर, दूधवाल्यावर. ज्याच्यावर निघाला त्याची चूक नसेल तर आवाज चढवल्याबद्दल सॉरी म्हण, पण जे नाही म्हटलंस ते मागे घेऊ नकोस, या दोन गोष्टींची गल्लत करायची आपल्याला लहानपणापासून सवय लावलेली असते. सुरुवातीला तू गरज नसताना पण नाही म्हणशील, एखादं चांगलं आमंत्रण पण उडवून लावशील. होतं असं. आणि मामीचं ते शिंगांचं, तू त्या दिवशी त्या माणसासमोर ताट वाढायला गेली नाहीस हे तुझ्या आयुष्यातलं पहिलं इतकं मोठं नाही असेल, त्याला घरातून टाळ्या पडणार नव्हत्याच.

आइस्क्रीमचं मला मुळीच छोटं वाटत नाही. स्वतःची आवड कळायला आधी आपलं मन काय म्हणतंय तिकडे लक्ष असावं लागतं आणि तुझं लक्ष सतत समोरच्याच्या चेहऱ्यावर, तो खूश आहे का, चिडलाय का, यावर ठेवायची सवय लागली. ते जिवंत राहायचं कसब होतं, त्यात स्वतःकडे बघायला वेळच नव्हता. तर आता अगदी फालतू गोष्टींपासून सुरू कर. राममारुती रोडला एकटी जा आणि एक कुर्ता घे, कुणाला फोटो पाठवून ‘कसाय’ विचारू नकोस. उपवनला चक्कर मार, कंटाळा आला तर परत ये. आइस्क्रीमचे दोन चुकीचे फ्लेवर घेऊन टाकून दे, पैसे वाया गेले तर जाऊ देत. नवऱ्याशी जवळीक करताना पण हेच लागू आहे हां, मधेच नको वाटलं तर नको, आधी चालायचं ते आता चालत नसेल तर नाही चालत, आणि हे तो शहाणा असेल तर समजेल, नसेल समजत तर काउन्सेलरकडे एक सेशन दोघं मिळून जा.

आता त्याचं ते वाक्य. मी त्याची बाजू घेत नाहीये पण त्याला एकदम गुन्हेगार पण करू नकोस. तुमच्या ठाण्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, बिल्डिंग पाडलेली माणसं भाड्याच्या घरात जाऊन राहतात ना, तशी तुमची दोघांची अवस्था आहे, जुनं घर गळत होतं, भिंतीला ओल होती, पण चिमटा कुठे आहे ते अंधारात पण सापडायचं, आणि आता सगळं खोक्यात, नव्याचा ताबा कधी मिळेल कुणी सांगत नाही. त्याला ते जुनं घर आठवतंय. आणि खरं सांगू, तुला पण आठवतंय, म्हणून ते वाक्य इतकं लागलं. ती सगळ्यांची लाडकी पोर गेली याचं वाईट वाटलं तर वाटू दे, तिच्यासाठी रडलीस तर काही बिघडत नाही, तिने तुला इथपर्यंत आणलंय.

त्याला सांगायचं तर भांडणात नको, एखाद्या रविवारी चहा घेताना सांग, साधारण असं, की “आधीची मी तुला बरी वाटायची कारण मी तुला कधी नाही म्हटलं नाही, आणि ते मी प्रेमाने किती आणि भीतीने किती करत होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता मी जेव्हा हो म्हणेन ते खरं असेल. मला थोडा वेळ लागणारे आणि तुला त्रास होणारे, त्रास झाला तर सांग पण आधीचीच हो असं म्हणू नकोस.” एवढंच. तो गप्प बसला तर बसू दे, लगेच त्याची समजूत काढायला जाऊ नकोस, ती जुनी सवय आहे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो माणूस अजून घरात येतो-जातो आणि तुझी भाची नऊ वर्षांची आहे. तुझी गोष्ट कुणाला सांगायची की नाही, कधी सांगायची, हे पूर्णपणे तुझ्या हातात आहे, आईला सांगायची घाई नाही. पण बहिणीला एवढं तरी सांग की पोरीला त्याच्याजवळ एकटीला सोडायचं नाही, कारण विचारलं तर ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हण. आणि भाचीबाबत काही शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करायला पुरावा लागत नाही. तुझ्या स्वतःच्या तक्रारीचं म्हणशील तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, तुझं त्याच्या आधीचं, त्यामुळे तेव्हाची आयपीसीची, म्हणजे भारतीय दंडविधानाची कलमं बघावी लागतात, बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते, कमी शिक्षेच्या कलमांना असते. कधी वाटलंच तर ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रार केली नाहीस म्हणून तू कमी धीट ठरत नाहीस, हे पण लिहून ठेव.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, ज्या अजून कुणाकडेच गेल्या नाहीत त्यांच्यासाठी. ठाण्यात राहून मानसोपचाराचं नाव काढलं की ‘मग काय, हॉस्पिटल जवळच आहे’ हा जोक ऐकावाच लागतो, १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे ते, जोक पण तितकाच जुना असणार. ऐका आणि सोडून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, चोवीस तास मोफत फोन लागतो, मराठीत बोलता येतं. आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच १९९० पासून काम करतेय. जाल तिथे लैंगिक अत्याचाराच्या केसेस बघता का हे आधीच विचारा, सगळेच काउन्सेलर बघत नाहीत. आणि पद्धत कुठली ते विचारायला लाजू नका. सीपीटी नावाची एक पद्धत आहे, ती १९८० च्या दशकाच्या शेवटी बलात्कारातून वाचलेल्या बायकांसोबत काम करतानाच तयार झाली, साधारण १२ सेशनची असते, ‘मीच कारण’ यासारखे जे विचार अडकून बसलेत ते कागदावर काढून तपासायचे, आणि सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वतःची किंमत, जवळीक या पाच ठिकाणी ते काय गोंधळ घालतात ते बघायचं. ईएमडीआर पण आहे, त्यात डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणींवर काम करतात. कुणाला काय मानवेल ते वेगवेगळं.

आणि ट्रान्स-हार्बरवाली, आता शेवटचं. काउन्सेलरचं ते समजूतदारपणाचं वाक्य तुला इतकं लागलं की तू मला चार पानी पत्र लिहिलंस, पण तिला बोललीस का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. मला शंका आहे की तिच्यासमोर पण तू गुणी पेशंट होऊन बसतेस, वेळेवर जातेस, रडू आवरतेस, ‘हो मॅडम, पटलं’ म्हणतेस. पुढच्या सेशनला जाऊन बसलीस की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत सांग, मागच्या वेळी तुम्ही जे बोललात त्याने मला राग आला. चांगली असेल तर ती खुर्ची पुढे सरकवेल. रागावली तर मला परत लिही, आपण दुसरी शोधू.